आधी उतार पाहा, मग अर्ज भरा

उन्हाळा लागला की आटपाडी तालुक्यातल्या महा ई-सेवा केंद्रांवर एकच प्रश्न कानावर पडतो : "सध्या कुठली योजना चालू आहे?" शेततळ्याची असली तर शेततळ्याचा अर्ज, फळबागेची असली तर फळबागेचा. शेजाऱ्याला मिळालं, म्हणून आपणही भरायचं. शेताला काय हवंय हे ठरायच्या आधीच अर्ज ठरतो, आणि मग अनुदान मिळूनही शेत होतं तिथंच राहतं. म्हणून या लेखात योजनांची यादी देत बसत नाही. ती कृषी कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली असते. माती आणि पाणी राखण्यासाठी सरकार जो पैसा देतं तो आटपाडीच्या जमिनीत कोणत्या क्रमानं लावावा आणि तो हातात पडेपर्यंत काय सांभाळावं, एवढंच सांगायचं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. अर्ज भरण्याआधी एखाद्या मोठ्या पावसात डोक्यावर पोतं घ्या आणि शेताच्या वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत चालत जा. पाणी कुठून शिरतं, कुठं साचतं, कुठल्या कोपऱ्यातून माती घेऊन बाहेर पडतं, ते बघा आणि तिथं दगड ठेवून खूण करा. हलक्या, मुरमाड जमिनीत हे अर्ध्या तासात कळतं. आपल्याकडं असा पाऊस वर्षातून चार-पाच वेळाच येतो, आणि नेमका तोच माणगंगेतून भीमेला जातो. वर्षाचा पाऊस ४०० मिलीमीटरच्या आसपास धरला तर सगळी मदार या चार-पाच पावसांवर आहे.

पहिला पैसा बांधात जावा. बांध कुणाला दाखवण्यासारखं काम नाही, त्याचा फोटोही चांगला येत नाही, म्हणून त्याच्या अर्जाला गर्दी नसते. पण उताराला आडवी बांधबंदिस्ती आणि प्रत्येक बांधाला दगडी सांडवा एवढं झालं तरी ज्वारी-बाजरीच्या रानात ओल आठवडाभर जास्त टिकते. सांडवा नसलेला बांध पहिल्याच वळवात फुटतो आणि फुटताना होती नव्हती ती माती नेतो. सांडवा पाणी नेहमी बाहेर पडतं तिथंच, म्हणजे तुम्ही दगड ठेवला त्या जागी हवा. सोयीचा कोपरा म्हणून तो दुसरीकडं काढू नका.

हे काम पाणलोट कार्यक्रमातून होतं, जलयुक्त शिवार अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यातून होतं आणि रोजगार हमीतूनही होतं. रोजगार हमीची कल्पना आपल्याच सांगली जिल्ह्यातली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात तिचा पहिला प्रयोग केला, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या दुष्काळात याच भागातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. आज ती योजना म्हणजे दुसऱ्याच्या कामावर जाणं, असा अनेकांचा समज आहे. जॉबकार्ड असलेल्या अल्पभूधारकाला स्वतःच्या रानातल्या बांधावर, फळबागेवर, विहिरीवर काम करूनही मजुरी मिळू शकते. मात्र तुमचं काम ग्रामसभेच्या आराखड्यात असायला हवं. आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला गेला नाहीत, तर पुढचं वर्ष वाट बघण्यात जातं. नियमही अलीकडे बदलले आहेत. रोजगार सेवकाकडून चालू वर्षाचे नियम समजून घ्या आणि त्यानंतरच हिशेब मांडा.

आता शेततळं. सगळ्यात जास्त अर्ज याचेच असतात आणि सगळ्यात जास्त पस्तावाही इथंच होतो. २०१६ साली "मागेल त्याला शेततळे" आलं तेव्हा अनुदान ५०,००० रुपयांपर्यंत होतं. पुढं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ते ७५,००० रुपयांपर्यंत गेलं. आकडा बरा वाटतो, पण तळ्याशी ताडून बघू.

वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं तळं खोदलं आणि बाजूंना सारखा उतार दिला, तर तळाशी २४ बाय २४ मीटर उरतं. त्यात साधारण २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावतं. ७५,००० रुपये त्यावर वाटले तर घनमीटरला ३४ रुपये पडतात. मऊ मुरमात यात भागेलही. पण चार फुटांवर कठीण खडक लागला की पोकलेनचं भाडं खिशातून जातं. म्हणून आखणीच्या आधी जेसीबीनं एका कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घेऊन बघा. त्याला खर्च येतो, पण पुढचा मोठा फटका वाचतो.

दुसरा हिशेब पाण्याचा. हे तळं पावसानं भरायचं तर वरून किती रान उतरायला हवं? ४०० मिलीमीटर पावसातला सहावा हिस्सा वाहून येतो असं धरलं, तर एकराला सुमारे २७० घनमीटर पाणी मिळतं. २,२०० घनमीटरला आठ एकरांचा उतार लागतो. ज्याचं रानच तीन एकर आणि तेही टेकाडावर, त्याचं एवढं तळं पावसानं भरणार नाही. त्यानं लहान तळं घ्यावं, किंवा ओघळीच्या शेजारी जागा शोधावी. माळावरच्या उंच जागी कागद अंथरून बोअरच्या पाण्यानं भरलेली तळी आपण रोज रस्त्यानं जाताना बघतो. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात उघडं ठेवायचं, याला संधारण म्हणता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत रोज ८ मिलीमीटर बाष्पीभवन धरलं, तर त्या तळ्यातून दिवसाला सात हजार लिटरच्या वर पाणी हवेत जातं. टँकरच्या भाषेत हे पाणी किती, हे आटपाडीकरांना सांगायला नको.

टेंभूचं पाणी मात्र वेगळं. कराड तालुक्यात टेंभूजवळ अडवलेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इथवर आणलं जातं. त्यामागं दुष्काळी तालुक्यांनी नव्वदच्या दशकापासून दिलेला लढा आहे. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासोबत इथले शेतकरी पाणी परिषदांना वर्षानुवर्षं जमत राहिले, तेव्हा समन्यायी वाटप हा शब्द सरकारी कागदावर आला आणि बंदिस्त पाइपलाइनीतून पाणी द्यायची गोष्ट आटपाडीत पुढं सरकली. एवढ्या कष्टानं आलेलं पाणी दोन आवर्तनांच्या मधल्या काळासाठी तळ्यात साठवलं तर त्यात गैर काही नाही. पण मग तळं आवर्तनाच्या मापानं खोदा. दीड महिना पुरेल एवढं पाणी हवं असताना सहा महिन्यांचं तळं कशाला?

तळ्याखाली किती बाग लावायची हेही आताच ठरवा. डाळिंब पंधरा बाय दहा फुटांवर लावलं तर एकरात सुमारे ३०० झाडं बसतात. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला ४० लिटर धरा. एकराला १२,००० लिटर झाले. बाष्पीभवनाचे सात हजार त्यात मिळवा. भरलेलं तळं एक एकर बागेला पावणेचार महिने पुरतं आणि दोन एकरांना जेमतेम सव्वादोन. अनुदानाच्या तळ्यावर चार एकर बाग उभी करणाऱ्याला मार्च संपताच टँकर शोधावा लागतो.

कागदाचं, म्हणजे प्लॅस्टिक अस्तराचं अनुदान वेगळं असतं आणि त्याचा अर्जही वेगळा. वरच्या मापाच्या तळ्याला कडेच्या चरात गाडायचा भाग धरून अकराशे-बाराशे चौरस मीटर कागद लागतो. पाचशे मायक्रॉनचा, आयएसआय मार्कचाच घ्या आणि बिलावर जाडी लिहून घ्या. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कागदाचा काठ शेवाळानं गुळगुळीत होतो, आत पडलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही. दरवर्षी शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. तारेचं कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर किंवा टायर बांधल्याशिवाय तळ्यात पाणी सोडू नका. हा खर्च अनुदानात बसो न बसो, तो तळ्याच्याच खर्चात धरा.

आता कागदपत्रांकडं वळू. आटपाडी-खानापूर भागातली एक अडचण सरकारी माहितीपत्रकात कुठंच लिहिलेली नसते. आपल्या घरातला एक भाऊ शेतात असतो आणि दुसरा गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात, कुणी तमिळनाडूत, कुणी पंजाबात. सातबारा आजोबांच्या वेळेपासून सामायिक. सामायिक क्षेत्रावर अर्ज करायचा तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. ज्याच्या नावावर अर्ज, त्याचा आधारशी जोडलेला मोबाइल तिकडं दुकानात, आणि ओटीपी येतो तेव्हा तो भट्टीपाशी असतो. असे कित्येक अर्ज अपुऱ्या कागदपत्रांच्या शेऱ्यानं परत येतात. म्हणून दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला सगळे भाऊ गावी येतात तेव्हा दोन कामं उरकून घ्या : संमतीपत्रावर सह्या, आणि जमलं तर तहसीलदारांकडं वाटणीचा अर्ज. आई-वडील गेले असतील तर वारसाची नोंदही तेव्हाच लावा. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो आणि योजनेची मुदत त्यासाठी थांबत नाही.

अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा. २०२५पासून त्याला शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो नसेल तर आधी तो काढा. पूर्वी सोडत निघायची, आता आधी येईल त्याला प्राधान्य असं धोरण आलं आहे. त्यामुळं सातबारा, आठ-अ, बँकेचा तपशील आणि लागू असल्यास जातीचा दाखला आधीच गोळा करून ठेवलेला माणूस पुढं जातो. ई-पीक पाहणी केलेली असू द्या. विहीर किंवा बोअर सातबाऱ्यावर नोंदलेली नसेल तर ठिबकच्या वेळी पाण्याच्या स्रोताचा प्रश्न निघतो.

बँक खात्याचं नीट समजून घ्या. अनुदान तुम्ही पासबुकाची प्रत जोडलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात ते जातं. कधीतरी उघडलेलं आणि विसरलेलं जनधन खातं असेल तर पैसे तिथं पडतात आणि आपण तालुक्याला हेलपाटे घालत बसतो. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय हे एकदा विचारा.

निवड झाल्याचा मेसेज आला म्हणजे काम सुरू करायची परवानगी मिळाली, असं नाही. कागदपत्रं अपलोड केल्यावर पूर्वसंमती मिळते आणि त्या पत्रात मुदत लिहिलेली असते. बिल पूर्वसंमतीच्या तारखेच्या एक दिवस जरी आधीचं असलं तरी अडकतं. दुकानदार म्हणेल, "माल आत्ता न्या, बिल नंतरच्या तारखेचं देतो." या फंदात पडू नका. मोका तपासणीला आलेले कृषी सहाय्यक (आता त्यांना सहाय्यक कृषी अधिकारी म्हणतात) जागेचा, तारखेसकट आणि अक्षांश-रेखांशासकट फोटो काढतात. काम सुरू व्हायच्या आधी, चालू असताना आणि झाल्यावर तुम्ही स्वतःही मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वाद झालाच तर तेच कामाला येतात.

आणि पैसा कामानंतर येतो. काही वेळा महिन्यानं, काही वेळा आर्थिक वर्ष उलटल्यावर. तेवढा काळ सगळी रक्कम तुमची अडकते. सावकाराकडून किंवा पतसंस्थेकडून चढ्या व्याजानं पैसे उचलून अनुदानाचं काम केलं तर वर्षभरात व्याज अनुदानाचा मोठा हिस्सा खातं. सोसायटीकडून किंवा बँकेकडून मध्यम मुदतीचं कर्ज मिळत नसेल तर काम अर्ध्या क्षेत्रावर करा. कमी क्षेत्रावर का होईना, पूर्ण झालेल्या कामाचं देयक निघतं. अर्धवट कामाचं निघत नाही.

ठिबकाबद्दल थोडक्यात. केंद्राच्या "प्रति थेंब अधिक पीक" योजनेतून अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. राज्य त्यात भर घालतं आणि ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांवर जातं. पाच हेक्टरांपर्यंतची मर्यादा आहे आणि एकदा घेतलं की त्याच क्षेत्रावर सात वर्षं परत मिळत नाही. हे टक्के सरकारनं ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर मोजत नाहीत. बिल लाखाचं आणि मापदंड सत्तर हजारांचा असेल, तर ८० टक्के सत्तर हजारांचे. कोटेशन घेताना हा फरक विचारा.

फळबागेसाठी जॉबकार्ड असणाऱ्यांनी आधी रोजगार हमीतून प्रयत्न करावा. त्यात न बसणाऱ्यांसाठी २०१८ साली सुरू झालेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. आपल्याकडं किमान २० गुंठे आणि कमाल ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढच्या हप्त्यांसाठी झाडं जगल्याचं प्रमाण ८० आणि ९० टक्के असावं लागतं. मेलेली झाडं स्वखर्चानं नांगी भरून उभी ठेवायची. इथं ऊसतोडीला जाणाऱ्यांनी खास लक्ष द्यायला हवं. ऑक्टोबरात कोयता घेऊन निघालेलं कुटुंब एप्रिलला परततं, आणि नेमक्या त्याच काळात कोवळी रोपं पाण्यावाचून, नाहीतर शेळ्यांच्या तोंडी जातात. मागं पाणी द्यायला घरात माणूस राहणार नसेल तर फळबागेचा अर्ज या वर्षी भरू नका.

डाळिंबानं या तालुक्याला पैसा दाखवला, हे खरं. पण तेल्यानं आणि खोडकिडीनं किती बागा मुळासकट काढाव्या लागल्या तेही आपण पाहिलं आहे. ज्या रानातली तेल्याची बाग काढली तिथं लगेच अनुदानावर परत डाळिंब लावणं म्हणजे दुसरा नि तिसरा हप्ता धोक्यात घालणं. या योजनेत सीताफळ, आवळा, चिंच, जांभूळही बसतात. कडेच्या हलक्या मुरमाड तुकड्यावर सीताफळ कमी पाण्यात उभं राहतं, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत आणि बांधाची मातीही धरून ठेवतं. माझा कौल तिथं सीताफळाला. रोपं सरकारी, कृषी विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्या. फिरत्या विक्रेत्याच्या टेम्पोतल्या रोपांचं बिल चालत नाही आणि रोगही त्याच टेम्पोतून येतो.

तलावातला गाळ हे या भागातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत अल्प व अत्यल्पभूधारकांना गाळ वाहून पसरण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळतात, एकराला १५,००० रुपयांपर्यंत, तेही अडीच एकरांच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. विधवा आणि अपंग शेतकऱ्यांना आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांनाही हा लाभ आहे. एकरी ४०० घनमीटर गाळ म्हणजे चार बोटं, दहा सेंटिमीटरचा थर होतो. ज्वारी, बाजरी, कडवळाच्या रानात तो सोनं आहे. डाळिंबाच्या ओळीत मात्र चिकण गाळ ओतू नका. पाणी साचून मुळं कुजतात. गाळ तलावाच्या कोणत्या भागातला आहे ते बघा. भिंतीजवळचा बारीक चिकण असतो, वरच्या तोंडाकडं वाळू जास्त. थोडा नमुना माती परीक्षणाला दिला तर चोपण होण्याचा धोका आधी कळतो.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना वेगळी आहे आणि तिच्यात नव्या विहिरीचं अनुदान २०२४ साली ४ लाखांपर्यंत वाढलं. तिचा अर्ज स्वतंत्र भरावा. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या "पोकरा" योजनेच्या मेसेजना भुलू नका. ती विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या ठरलेल्या जिल्ह्यांची आहे, सांगली तिच्यात नाही. तिच्या नावानं कुणी फॉर्मचे पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे.

अमेरिकेत १९८५पासून एक योजना चालते : धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं नांगरायची नाही, तिच्यावर गवत-झाडं ठेवायची, आणि त्याचं सरकार वर्षाला भाडं देतं. आटपाडीच्या माळाला अशा पैशाची गरज आहे असं मला मनापासून वाटतं. इथले मेंढपाळ त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या जगले आहेत आणि गवताची पडीक जमीन राखणाऱ्याला आपल्याकडं कुणी काही देत नाही. पण तिथली दुसरी एक गोष्ट इथंही आजच करता येते. कुठल्या शेतकऱ्याला किती अनुदान गेलं, याच्या याद्या तिथं लोकांनी मागून उघड केल्या. आपल्याकडंही गावातल्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मागता येते. मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात योजनेचं नाव, आर्थिक वर्ष आणि गाव नेमकं लिहा. यादीत एकाच तळ्यावर दोन नावं दिसली, किंवा तुमच्या नंतरचा अर्ज आधी मंजूर झालेला दिसला, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तुमचा अर्ज क्रमांक टाकून लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेऊनच बाहेर पडा.